तोळाभर गोळी, चिमूटभर पावडर

आधीच सांगून टाकते, हा लेख टाल्कम पावडरवर नाही. रायफलच्या काडतुसात जी पावडर भरतात तिच्यावर आहे. मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी म्हणजे दिवसातला एक तास, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घेतल्या असतील अशी आशा आहे. विषय मात्र आपल्याच अभ्यासक्रमातला आहे. केमिकलवाल्यांसाठी ज्वलन, मेकॅनिकलवाल्यांसाठी प्रेशर, आणि ज्यांचा क्वालिटी कंट्रोलचा पेपर राहिला आहे त्यांच्यासाठी शेवटचा भाग खास.

सुरुवात झाली एनसीसीच्या कॅम्पमध्ये. पॉइंट टू टू रायफल, समोर पंचवीस मीटरवर टार्गेट, हातात पाच राउंड. माझं ग्रुपिंग असं आलं की पाच गोळ्या पाच दिशांना. मी लगेच म्हटलं, "उस्ताद, काडतूसं खराब आहेत." उस्ताद हसले. म्हणाले, "गोली को बाद में कोसना, पहले अपनी साँस देखो." बरोबरच होतं त्यांचं. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. काडतूस चांगलं की वाईट हे ठरतं तरी कशावर?

शोधाशोध केली तेव्हा कळलं की अमेरिकेत आणि युरोपात नेमबाजीचे शौकीन लोक आपली काडतूसं स्वतः भरतात. वापरलेली पितळी टोपी पुन्हा घ्यायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर मोजून घालायची, वर गोळी दाबायची. आणि यांचा सगळ्यात लाडका वाद म्हणजे कोणती पावडर सर्वात चांगली! मला वाटलं सोपं आहे, जी सर्वात पॉवरफुल ती सर्वात चांगली. हे उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं, ते मला पुस्तकाच्या आधी इतवारीत कळलं.

राणीछाप रुपया

आमचं घर इतवारीत. आजोबांची सगळी नोकरी सराफा ओळीतल्या एका पेढीवर तराजूसमोर गेली. शनिवारी हॉस्टेलवरून घरी गेले की जेवताना आठवड्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. मी सांगितलं, "आजोबा, गोळीचं आणि पावडरचं वजन जगभर अजून ग्रेनमध्ये मोजतात. आपल्याकडे एसआय युनिट नाही लिहिलं तर मार्क कापतात, आणि यांचं हे असं!"

आजोबा उठले, कपाटातून एक राणीछाप रुपया आणून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "हा एकशे ऐंशी ग्रेन. एक तोळा. आम्ही हाच वजन म्हणून पारड्यात टाकत होतो."

मी हिशोब केला. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (आता सराफात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात ते वेगळं.) एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आणि पॉइंट थर्टी कॅलिबरच्या रायफलीत जी एक नेहमीची जड गोळी वापरतात तिचं वजन किती? बरोबर १८० ग्रेन! म्हणजे राणीछाप रुपया आणि ती गोळी तराजूत समोरासमोर ठेवली तर काटा मधोमध राहील.

मी म्हटलं, "हे लोक पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात." आजोबांनी मनातल्या मनात गुंजा मोजल्या. बारा मासे एक तोळा, आठ गुंजा एक मासा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा आणि एका गुंजेला पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडं जास्त. "म्हणजे गुंजेचा अठरावा-एकोणिसावा भाग. छान आहे. पण पोरी, वजन सारखं भरलं म्हणजे माल सारखा झाला का? बावीस कॅरेटचा तोळाही तोळाच आणि अठरा कॅरेटचाही तोळाच."

झालं. अख्ख्या विषयाची किल्ली त्या एका वाक्यात होती.

पावडर फुटत नाही, जळते

आपला पहिला गैरसमज हा की काडतुसात स्फोट होतो. रायफलची पावडर फुटत नाही, ती जळते. फार वेगाने जळते, पण जळतेच. गोळी नळीतून बाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात वायू तयार होतो आणि गोळीला ढकलतो. आर्मीच्या रायफलीत हे प्रेशर चार हजार बारच्या आसपास जातं. घरचा कुकर एक बारला शिट्टी मारतो. यावरून अंदाज करा.

पूर्वी शोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू वापरत. धूर भरपूर, नळीत काजळी भरपूर. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची पावडर बनवली. सेल्युलोज म्हणजे कापूस. आपण विदर्भातले लोक कापसाकडे फक्त गादी आणि कर्जमाफीच्या नजरेने बघतो, पण रायफलच्या पावडरचं मूळही तेच. पुढे १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट काढलं, त्यात नायट्रोग्लिसरीनही होतं. नुसतं नायट्रोसेल्युलोज असेल तर सिंगल बेस आणि सोबत नायट्रोग्लिसरीन असेल तर डबल बेस पावडर, हे वर्गीकरण आजही चालतं. कॉर्डाइट बनवण्यासाठी इंग्रजांनी निलगिरीत अरुवनकाडूला कारखाना काढला, तो १९०३ पासून आहे.

याच व्हिएय यांच्या नावाचा नियम आहे: पावडर जळण्याचा वेग प्रेशरच्या घातांकात वाढतो. म्हणजे प्रेशर वाढलं की पावडर जास्त वेगाने जळते, जास्त वेगाने जळली की प्रेशर अजून वाढतं. हे चक्र ताब्यात ठेवणं हीच पावडर बनवणाऱ्याची सगळी कला.

मेदूवड्याचं गणित

मग ते ताब्यात कसं ठेवतात? दाण्याच्या आकाराने. पाण्यात पिठीसाखर लगेच विरघळते, खडीसाखर वेळ घेते. माल तोच, फरक पृष्ठभागाचा. पावडरचा दाणाही बाहेरून आत, थरावर थर असा जळतो. त्यामुळे:

भरीव काडी किंवा गोल दाणा असेल तर जळताना तो लहान होत जातो, पृष्ठभाग कमी होतो, वायू तयार होण्याचा वेग उतरत जातो.

मधोमध एक भोक असेल, म्हणजे मेदूवडा लांब ओढल्यासारखा, तर बाहेरचा भाग आकसतो पण आतलं भोक मोठं होत जातं. बेरीज जवळपास तेवढीच राहते. वायू एकसारखा येत राहतो.

सात भोकं असतील तर जळता जळता पृष्ठभाग वाढतच जातो. तोफांच्या प्रोपेलंटमध्ये हे जास्त दिसतं.

यावर अजून एक युक्ती म्हणजे दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन मंद करणारं रसायन मुरवायचं. मग सुरुवात संथ होते आणि गोळी पुढे सरकून जागा झाली की खरा जोर येतो. गोल दाण्यांच्या पावडरमध्ये याचाच आधार असतो, कारण गोलाचा पृष्ठभाग मुळात कमीच होत जातो. शिवाय वरून ग्रॅफाइटचा हात फिरवतात, त्यामुळे दाणे नीट ओघळतात आणि स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

आता आजोबांचा प्रश्न पुन्हा आठवा. पिस्तुलाची जलद पावडर आणि रायफलची मंद पावडर, दोन्ही तराजूत अगदी सारख्या भरतील. पण पिस्तुलाची पावडर रायफलच्या जड गोळीमागे तेवढ्याच वजनाची टाकली, तर गोळी सरकायच्या आधीच प्रेशर आभाळाला भिडेल आणि रायफल हातात फुटेल. वजन सारखं, माल वेगळा.

मग निवडायची कशी?

पहिलं, जळण्याचा वेग. लहान टोपी, हलकी गोळी, आखूड नळी असेल तर जलद पावडर. मोठी टोपी, जड गोळी, लांब नळी असेल तर मंद पावडर. कंपन्या जलद ते मंद अशा याद्या छापतात. पण ती फक्त क्रमवारी असते, मापपट्टी नव्हे. दहाव्या आणि अकराव्या नंबरात किती अंतर आहे ते यादी सांगत नाही. आपल्या मेरिट लिस्टसारखंच. म्हणून तिकडचे अनुभवी लोक यादीवरून भरण्याचं माप कधीच काढत नाहीत. ते पावडर कंपनीने प्रेशर मोजून छापलेल्या तक्त्याबाहेर जात नाहीत.

दुसरं, टोपी किती भरते. टोपीत अर्धी जागा रिकामी राहिली तर पावडर कधी प्रायमरकडे, कधी गोळीकडे सरकते. प्रत्येक वेळी पेट वेगळा, म्हणून वेगही वेगळा. टोपी जवळपास भरेल अशी पावडर बहुधा जास्त एकसारखी वागते. वर फायदा असा की चुकून दोनदा ओतली तर सांडते, म्हणजे चूक लगेच दिसते.

तिसरं, माप. गोल दाणे मापातून पाण्यासारखे ओघळतात. लांब काड्या मापाच्या तोंडाशी अडकतात, त्यामुळे काटेकोर काम करणारे त्या वजन करूनच घालतात.

चौथं, तापमान. हा मुद्दा आपल्या नागपूरकरांनी फ्रेम करून भिंतीला लावावा. पावडर गरम असली की जास्त वेगाने जळते. डिसेंबरच्या सकाळी दहा डिग्रीला जे काडतूस शहाण्यासारखं वागलं तेच मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला, त्यात उन्हात ठेवलेलं, मर्यादेबाहेर प्रेशर देऊ शकतं. म्हणून तापमानाचा परिणाम कमी व्हावा अशा खास पावडरी बनवतात, आणि म्हणूनच थंडीत केलेल्या चाचणीवर उन्हाळ्यात डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत.

पाचवं, लॉट. एकाच नावाच्या पावडरचे दोन लॉट तंतोतंत सारखे नसतात. आजी म्हणते तसं, दुकान तेच, पण या खेपेचं तिखट जास्त झणझणीत. लॉट बदलला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. आणि पावडरला वय असतं. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतं आणि त्यातून निघणारी नायट्रोजन ऑक्साइड तेच विघटन अजून वाढवतात. ती शोषून घ्यायला डायफिनाइलअमाइनसारखं स्टॅबिलायझर घालतात. उष्णतेत साठवलं की ते लवकर संपतं. डब्यातून आंबट-उग्र वास किंवा तांबूस धूर आला तर ती पावडर गेली समजायची.

या यादीत "सर्वात जास्त ताकद" कुठेच नाही, हे लक्षात आलं का?

दहा मीटर प्रतिसेकंदाची किंमत

एकसारखेपणाचं एवढं कौतुक का, ते आकड्यात बघू. समजा एक गोळी ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाली आणि दुसरी ८१० ने. टार्गेट ३०० मीटरवर. हवेचा रोध सध्या सोडून द्या. पहिलीला ०.३७५ सेकंद लागतात, तेवढ्या वेळात ती सुमारे ६९ सेंटीमीटर खाली येते. दुसरीला ०.३७०, ती सुमारे ६७.३ सेंटीमीटर खाली येते. फरक १.७ सेंटीमीटर. तुमचा श्वास, तुमचं बोट, तुमची रायफल अगदी तीच, तरी गोळी वर-खाली! ६०० मीटरवर हाच फरक चौपट, जवळपास सात सेंटीमीटर. हवा धरली तर अजून जास्त. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, हेही जाता जाता लक्षात घ्या.

ऑलिंपिकवरून आठवलं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या होत्या. या प्रकारात पॉइंट टू टूची रिमफायर काडतूसं असतात. ती पुन्हा भरता येत नाहीत. मग वरच्या पातळीचे नेमबाज काय करतात? लॉट टेस्टिंग. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, एकामागून एक लॉट मारून बघायचा, आपल्या नळीला जो मानवतो त्याचा साठा घ्यायचा. पावडर निवडता येत नाही, तर पावडरसकट काडतूस निवडायचं. तत्त्व तेच.

आता क्वालिटी कंट्रोल. समजा तुम्ही "अ" पावडरच्या तीन गोळ्या मारल्या आणि "ब"च्या दहा. "अ"ची वेगातली रेंज कमी आली. "अ" चांगली? थांबा! कंट्रोल चार्टच्या तक्त्यातला डी-टू आठवा. तीनच्या सँपलला १.६९३, पाचला २.३२६, दहाला ३.०७८. म्हणजे दोन्ही पावडरींचा सिग्मा तंतोतंत सारखा असला तरी दहा गोळ्यांची रेंज सरासरीने तीन गोळ्यांच्या जवळपास दुप्पट दिसणारच. तीन गोळ्यांचं सुंदर ग्रुपिंग दाखवून फुशारकी मारणारे तिकडेही खूप आहेत, आणि तीन रीडिंगवर जर्नल पूर्ण करणारे इकडेही. माझी पहिली प्रतिक्रिया, "काडतूसं खराब आहेत", हीसुद्धा पाच गोळ्यांवरच होती.

चुकलेली निवड

निवड चुकली तर काय होतं, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकन सैन्याचं. एम-१६ रायफलच्या काडतुसात आधी काडीसारख्या दाण्यांची पावडर होती. १९६४ मध्ये तिच्याऐवजी गोल दाण्यांची पावडर आली. गोळीचा वेग ठरल्याप्रमाणे मिळत होता, म्हणजे कागदावर पास. पण ही रायफल वायूच्या जोरावर पुढचं काडतूस भरते. नव्या पावडरने तिथलं प्रेशर बदललं, रायफल ठरल्यापेक्षा जलद चालू लागली आणि आत काजळी साचू लागली. त्यात साफसफाईचे किट नीट पुरवले नव्हते, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकल्या आणि सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली आणि पावडर बदलण्याच्या निर्णयावर बोट ठेवलं. एक आकडा बघून पास केलं, बाकीचे बघितलेच नाहीत.

आपल्या अंगणात

हे सगळं अमेरिका-फ्रान्सचं वाटत असेल, तर इतवारीत या. आमच्या बाजूच्या रस्त्याचं नावच भंडारा रोड. त्या दिशेने गेलं की भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला १९६० च्या दशकात उभा राहिलेला आयुध निर्माणी कारखाना आहे. तिथे प्रोपेलंट आणि स्फोटकं बनतात. जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलची काडतूसं तयार होतात, पुण्यात खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. २०२१ पासून हे तिन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. म्हणजे या लेखातलं "निवडणं" आपल्याकडे शौकीन माणूस घरी बसून करत नाही, ते अशा कारखान्यांच्या आणि लॅबच्या आत होतं.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला. त्या दिवशी आठ जणांचा जीव गेला. आपल्या हॉस्टेलमधली भंडाऱ्याकडची मुलं दुपारभर फोनला चिकटून होती. लाइन लागत नव्हती. माझ्या शेजारच्या रूममधली मुलगी जिन्यात बसून होती, आणि घरून "आम्ही ठीक आहोत" एवढं ऐकल्यावर जेवली. मी तोवर या विषयाकडे गणित म्हणून बघत होते. नंतर तसं बघता आलं नाही. पावडरच्या प्रत्येक डब्यामागे कोणीतरी पहाटेची शिफ्ट करतं, त्याच्या घरी कोणीतरी वाट बघतं.

म्हणून शेवटची गोष्ट, आणि ही हॉस्टेलवाल्यांनी दोनदा वाचा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दिवाळीत सुतळी बॉम्ब सोलून त्यातली पावडर लोखंडी नळीत भरली. "बंदूक" बनवायची होती म्हणे. फटाक्याच्या त्या पावडरला ना दाण्याचा आकार, ना मंद करणारा थर. तिचं काम फुटणं एवढंच. आज त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत आणि ड्रॉइंगची शीट तो डाव्या हाताने काढायला शिकतो आहे. पुन्हा, आपल्या देशात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. ज्यांना खरंच आवड आहे त्यांच्यासाठी एनसीसी आहे, रायफल क्लब आहेत, आणि केमिकल-मेकॅनिकलवाल्यांसाठी पुण्यात एचईएमआरएलसारखी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. दार तिकडून आहे.

लेख लिहून झाल्यावर आजोबांना वाचून दाखवला. त्यांना व्हिएयचा नियम कळला नाही, डी-टूही नाही. पण म्हणाले, "आमच्या पेढीवर नवा पोरगा आला की आधी एकच डाग दहादा तोलायला लावत होते. दहा वेळा तेच वजन आलं की मग गिऱ्हाईकासमोर बसवायचे."

पुढच्या कॅम्पला मी पाच नाही, जितके मिळतील तितके राउंड मारणार आहे. आणि काडतुसांना दोष द्यायच्या आधी श्वास बघणार आहे.